एकोणिसावी ओव्हर कोणाला?

टी-ट्वेंटीच्या मॅचमध्ये सोळावी ओव्हर संपली की आपल्याकडचा प्रत्येक माणूस कॅप्टन होतो. पनवेलही त्याला अपवाद नाही. चहाच्या टपरीवर, मोबाईल रिपेअरच्या दुकानाबाहेर, इशाची नमाज पढून मशिदीच्या दारात चपला शोधताना, खारघर-मानसरोवरनंतर रिकाम्या होत आलेल्या रात्रीच्या लोकलमध्ये, सगळीकडे एकच हिशेब चाललेला असतो. बुमराहच्या किती उरल्या? एकोणिसावी कोण टाकणार? याला कशाला दिली? त्याला का नाही दिली?

मी या हिशेबात लहानपणापासून सामील आहे. आणि माझं ठाम मत आहे की क्रिकेट बघणाऱ्याचा खरा राग बॅट्समनवर नसतो, बोलरवर असतो. बॅट्समन शून्यावर आउट झाला तर दोन शिव्या खाऊन आत जाऊन बसतो, विषय संपतो. बोलरला सिक्स खाल्ल्यावर पुन्हा चालत आपल्या मार्कपर्यंत जावं लागतं. कॅमेरा त्याच्या तोंडावर असतो. आपण त्याला काय काय बोलत असतो. आणि त्याला पुढचा बॉल टाकावाच लागतो. सुटका नाही.

ज्यांना या खेळाची फारशी गोडी नाही, त्यांच्यासाठी हिशेब थोडक्यात सांगतो. 20 ओव्हर, आणि एका बोलरला जास्तीत जास्त 4. म्हणजे किमान 5 बोलर लागणारच. पहिल्या 6 ओव्हरमध्ये सर्कलच्या बाहेर दोनच फिल्डर ठेवता येतात, तेव्हा रन रोखणारा भरवशाचा बोलर हवा. शेवटच्या चार-पाच ओव्हरमध्ये बॅट्समन डोळे मिटून फिरवतात, तेव्हाही तोच हवा. संघात असा बोलर बहुधा एकच असतो. त्याच्या 4 ओव्हर चहात साखर घालावी तशा वाटायच्या असतात. आधीच संपवल्या तर शेवट कडू, शेवटासाठी फार जपल्या तर तोवर मॅचच हातातून गेलेली. त्यात रात्री दव पडतं, बॉल साबणासारखा निसटतो, यॉर्कर टाकायला जावं तर फुलटॉस पडतो. कॅप्टनचं काम सोपं नाही, हे कबूल. पण सोपं नसलं म्हणून आम्ही बोलायचं नाही असं थोडंच आहे!

या हिशेबाची चव सगळ्यात कडू लागली ती 2022 च्या सप्टेंबरमध्ये. दुबईत आशिया कप चालू होता. पाठीच्या दुखण्यामुळे बुमराह संघात नव्हता. 4 सप्टेंबरला पाकिस्तानला शेवटच्या दोन ओव्हरमध्ये 26 रन हवे होते. एकोणिसावी भुवनेश्वर कुमारने टाकली, 19 रन गेले. विसाव्या ओव्हरसाठी अर्शदीप सिंगकडे वाचवायला उरले 7. त्याने मॅच पाचव्या बॉलपर्यंत ओढली, पण 7 रन म्हणजे किती! दोन दिवसांनी श्रीलंकेला दोन ओव्हरमध्ये 21 हवे होते. एकोणिसावी पुन्हा भुवनेश्वर, 14 रन. अर्शदीपकडे पुन्हा 7, मॅच पुन्हा पाचव्या बॉलला गेली. आणि 20 सप्टेंबरला मोहालीत ऑस्ट्रेलियासमोर 208 रन करूनही आपण हरलो. एकोणिसावी भुवनेश्वरचीच, 16 रन. तीन मॅच, तीन एकोणिसाव्या ओव्हर, 18 बॉल, 49 रन.

तेव्हा लोक जे बोलत होते ते सगळं मला आठवतं. भुवनेश्वरचा वेग कमी झालाय. त्याचा बॉल पहिल्या तीन ओव्हरमध्ये स्विंग होतो, शेवटी होत नाही. त्याचा स्लो बॉल बॅट्समनला हातातूनच कळतो. मग कॅप्टन पुन्हा पुन्हा त्यालाच का देतो? हा सगळा राग मला रास्त वाटतो. त्यात बॉलबद्दल बोलणं होतं, ओव्हरबद्दल बोलणं होतं, निर्णयाबद्दल बोलणं होतं. भुवनेश्वरसारख्या गुणी बोलरला ते ऐकून वाईट वाटलं असेल, पण त्याचं उत्तर त्याला मैदानावर देता येण्यासारखं होतं.

त्याच 4 सप्टेंबरच्या मॅचमध्ये आणखी एक गोष्ट घडली. अठराव्या ओव्हरमध्ये आसिफ अलीचा एक सोपा झेल अर्शदीपच्या हातून सुटला. 23 वर्षांचा पोरगा. रात्र संपायच्या आत विकिपीडियावरच्या त्याच्या पानात कोणीतरी फेरफार करून त्याचं नाव खलिस्तानशी जोडून ठेवलं. सोशल मीडियावर जे चाललं होतं ते इथे लिहीत नाही. एकाच मॅचमध्ये दोघांचं चुकलं. 19 रन देणाऱ्याला लोक त्याचा वेग विचारत होते आणि झेल सोडणाऱ्याला त्याचा देश. मला या लेखात या दोन रागांमधल्या फरकाबद्दलच लिहायचं आहे.

त्याआधी मुंबईकरांच्या रागाबद्दल सांगतो, कारण आम्ही पनवेलवाले नकाशावर रायगडात असलो तरी आयपीएलमध्ये मुंबईकरच. 2024 च्या मोसमात रोहित शर्माला बाजूला करून हार्दिक पंड्याला मुंबई इंडियन्सचा कॅप्टन केलं, तिथूनच लोक बिथरले होते. त्यात पहिल्याच मॅचमध्ये, अहमदाबादला, बुमराह संघात असताना हार्दिकने नवा बॉल स्वतः घेतला. दुसरी मॅच 27 मार्चला हैदराबादला. समोरच्यांनी 10 ओव्हरमध्ये 148 रन कुटले आणि तोवर बुमराहच्या हाती फक्त एक ओव्हर आली होती, चौथी. पुढची त्याला थेट तेरावी मिळाली. हैदराबादने 277 केले, तेव्हाचा आयपीएलमधला विक्रम. क्वेना मफाका नावाचा 17 वर्षांचा आफ्रिकन पोरगा पहिलीच मॅच खेळत होता, त्याच्या 4 ओव्हरमध्ये 66 गेले. घरात मॅच बघणाऱ्या बायकापोरांनाही कळत होतं की बुमराहला आणायला हवं. कॅप्टनला कळेना.

मग 14 एप्रिल, वानखेडे, समोर चेन्नई. शेवटची ओव्हर हार्दिकने स्वतः घेतली. चार बॉल उरले असताना धोनी आला आणि आल्या आल्या तीन सिक्स. चार बॉलमध्ये 20 रन. मुंबई ती मॅच हरली ती बरोबर 20 रननेच. रोहितचं शतक वाया गेलं. श्रेयस गोपाल या लेगस्पिनरला एकच ओव्हर दिली होती, त्यात त्याने विकेट काढली होती, आणि पुन्हा बॉल दिला नाही. हे मुंबईकर कसे विसरतील? मोसमाच्या शेवटी मुंबई 14 पैकी 4 मॅच जिंकून तळाला गेली.

इथवरचा राग मी माझाच मानतो. पण 1 एप्रिलला वानखेडेवर राजस्थानविरुद्धच्या टॉसला आपल्याच कॅप्टनची जी हुर्यो उडवली गेली, ती मला खटकली. टॉस घेणारे संजय मांजरेकर, स्वतः मुंबईचे, लोकांना नीट वागायला सांगत होते आणि आवाज वाढत होता. अजून एक बॉलही पडलेला नव्हता. बॉल पडायच्या आधीच जो राग येतो, त्याचा बोलिंगशी संबंध संपलेला असतो.

आणि मग तीन महिन्यांनी 29 जून, बार्बाडोस. वर्ल्ड कपची फायनल. दक्षिण आफ्रिकेला 30 बॉलमध्ये 30 रन, सहा विकेट हातात, क्लासेन सुटलेला. आता बघा हिशेब कसा केला ते. रोहितने बुमराहला शेवटासाठी जपून ठेवलं नाही. सोळावी बुमराह, 4 रन. सतरावी हार्दिक, पहिल्याच बॉलला क्लासेन आउट, 4 रन. अठरावी बुमराह, यान्सेनची विकेट आणि फक्त 2 रन. बुमराहचा कोटा संपला. आता एकोणिसावी कोणाला? अर्शदीपला. त्याच अर्शदीपला. त्याने 4 रन दिले. शेवटच्या ओव्हरला 16 हवे होते, बॉल हार्दिककडे. पहिल्याच बॉलला सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला, आणि आपण 7 रनने जिंकलो. 4 जुलैला मरीन ड्राइव्हला माणसांचा समुद्र लोटला आणि त्याच वानखेडेवर, त्याच गर्दीने हार्दिकच्या नावाचा गजर केला.

लोक याला गर्दीचा ढोंगीपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. गर्दीला तेवढं तरी कळलं की माणसाला एक ओव्हर वाईट पडते आणि एक चांगली पडते, आणि दोन्ही त्याच्याच असतात. हार्दिकला वानखेडेवर परत यायला वाट होती.

कॅप्टनच्या निर्णयाबद्दलही असंच आहे. निकाल लागला की निर्णय शहाणा ठरतो किंवा मूर्ख ठरतो, निर्णयाच्या क्षणी तो नुसता अंदाज असतो. 2 नोव्हेंबर 2025 ला आमच्या हार्बर लाइनवर, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, महिला वर्ल्ड कपची फायनल झाली. समोर दक्षिण आफ्रिकाच. 298 रनचा बचाव चालू होता, वोल्व्हार्ट खेळपट्टीवर ठाण मांडून होती. हरमनप्रीत कौरने बॉल दिला शेफाली वर्माला. शेफाली म्हणजे बॅट्समन. प्रतीका रावल जखमी झाली म्हणून सेमीफायनलच्या तोंडावर संघात आलेली, एरवी क्वचित बॉल हातात धरणारी. तिने सून लूसला आपल्याच बोलिंगवर झेललं आणि मग मारिझान कॅपलाही परत पाठवलं. दीप्ती शर्माने पुढे पाच विकेट पूर्ण केल्या, आपण 52 रनने जिंकलो. हरमनप्रीतने नंतर सांगितलं की आतून वाटलं म्हणून दिला बॉल. समजा शेफालीच्या त्या ओव्हरमध्ये 20 रन गेले असते, तर आपण हरमनप्रीतला काय काय बोललो असतो? तेही बोलणं क्रिकेटचंच असतं, हेही खरं.

आता ज्या रात्रीबद्दल लिहायला मला चार वर्षं लागली, त्या रात्रीकडे येतो.

24 ऑक्टोबर 2021. दुबई. टी-ट्वेंटी वर्ल्ड कप. आपण 151 केले. शाहीन आफ्रिदीने सुरुवातीलाच रोहित आणि राहुलला उडवलं होतं. नंतर दव पडलं आणि बाबर-रिझवान या जोडीने एकही विकेट न गमावता मॅच काढली, 152 बिनबाद, 13 बॉल राखून. आपल्या पाच जणांनी बोलिंग टाकली. बुमराह, भुवनेश्वर, वरुण, जडेजा, शमी. विकेट एकालाही मिळाली नाही. शमीने 3.5 ओव्हरमध्ये 43 दिले, त्यातले 17 शेवटच्या पाच बॉलमध्ये, जेव्हा पाकिस्तानला 18 बॉलमध्ये 17 हवे होते आणि मॅच केव्हाच संपली होती.

पाच जण फसले. एकाचा हिशेब वेगळा मागितला गेला. का, ते सांगायची गरज नाही. त्याला पाकिस्तानचा म्हटलं गेलं, विकला गेलेला म्हटलं गेलं. विराट कोहलीने काही दिवसांनी पत्रकारांसमोर स्पष्ट शब्दांत सांगितलं की कुणावर त्याच्या धर्मावरून हल्ला करणं याहून हीन काही नाही, आणि संघ शमीच्या मागे उभा आहे. मला विराटबद्दल तेव्हापासून एक वेगळी माया आहे. कॅप्टनने बोलरच्या पाठीशी उभं राहण्याच्या अनेक तऱ्हा असतात. ती सगळ्यात अवघड होती.

पण त्या रात्री आमच्या बाजूला, म्हणजे माझ्यासारख्या मराठी मुसलमानांच्या घरांत काय झालं, ते फारसं कोणी लिहिलेलं नाही. तिथे शांतता झाली. वास्तविक शमीवर आम्हीही वैतागलो होतो. दव पडलेलं असताना फुल बॉल का टाकतोय? स्लो का टाकत नाही? एरवी हे सगळं आम्ही मोठ्याने बोललो असतो. पण फोनवर जे येत होतं ते वाचल्यावर शमीच्या बोलिंगबद्दल एक शब्द बोलायची सोय उरली नाही. बोललो तर त्या शिव्या देणाऱ्यांच्या सुरात सूर मिसळल्यासारखं होणार. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विषय निघाला, तेव्हा सहकारी मला बघून जरा थांबले. वाईट मनाने नाही, काळजीनेच थांबले. पण थांबले. त्या थांबण्यात मला कळलं की आपण या मॅचबद्दल आज नुसते प्रेक्षक म्हणून बोलू शकत नाही. आपण वैतागलो तर तो पुरावा, नाही वैतागलो तर तोही पुरावा.

आणि हे नेहमी असंच नव्हतं, हे मला सांगायचं आहे. 23 मार्च 2003, जोहान्सबर्ग. तेव्हा मी विशीत होतो. वर्ल्ड कपची फायनल, सौरव गांगुलीने टॉस जिंकून ऑस्ट्रेलियाला बॅटिंग दिली, आणि पहिली ओव्हर टाकायला आला झहीर खान. आमचा झहीर, श्रीरामपूरचा, मराठी बोलणारा. अंगात वारं भरल्यासारखा तो धावत आला. नो बॉल, वाइड, पुन्हा नो बॉल. 6 बॉलची ओव्हर 10 बॉल चालली, 15 रन गेले. पूर्ण मॅचमध्ये त्याच्या 7 ओव्हरमध्ये 67. ऑस्ट्रेलियाने 359 केले. आमच्या मोहल्ल्यातल्या त्या खोलीत वीस-पंचवीस जण होतो. झहीरला जेवढ्या शिव्या आम्ही दिल्या तेवढ्या कुणीच दिल्या नसतील. अगदी मनापासून, मराठीत, उर्दूत, कोकणीत. बाजूला कोण बसलंय हे बघितलं नाही. तो आमचा होता म्हणून त्याला झाकायचं, हे डोक्यातही आलं नाही. तो हिंदुस्तानचा बोलर होता आणि त्याने फायनलची माती केली होती, एवढंच.

आठ वर्षांनी, 2 एप्रिल 2011 ला, वानखेडेवर त्याच झहीरने फायनलच्या पहिल्या तीनही ओव्हर मेडन टाकल्या. पाच ओव्हरमध्ये 6 रन आणि उपुल थरंगाची विकेट. शेवटच्या ओव्हरमध्ये त्यानेही मार खाल्ला, आकडा 60 रनवर गेला, आणि तेव्हाही आम्ही त्याला बोललो. एकाच मॅचमध्ये डोक्यावर घेतलं आणि एकाच मॅचमध्ये शिव्या दिल्या. त्या वर्ल्ड कपमध्ये त्याच्या 21 विकेट होत्या, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सगळ्यात जास्त.

याचा अर्थ तो काळ सोन्याचा होता असा मी म्हणत नाही. पाकिस्तानशी मॅच खेळू नये म्हणून 1991 साली वानखेडेची खेळपट्टी शिवसैनिकांनी उखडली होती. फटाके कुठल्या मोहल्ल्यात वाजले, या चौकशा आमच्या अब्बांच्या पिढीनेही ऐकल्या आहेत. आणि दावा दुसऱ्या बाजूनेही केला जातो. 2007 च्या टी-ट्वेंटी फायनलनंतर पाकिस्तानचा कॅप्टन शोएब मलिक माइकवर आला आणि त्याने जगभरातल्या मुसलमानांच्या पाठिंब्याबद्दल आभार मानले. त्याला आउट करणारा आणि त्या फायनलचा सामनावीर होता इरफान पठाण, बडोद्याच्या मशिदीच्या आवारात वाढलेला. मलिकसाहेबांनी आमचा पाठिंबा गृहीत धरायच्या आधी विचारायला हवं होतं. आम्ही त्या वेळी जोगिंदर शर्माला शेवटची ओव्हर का दिली म्हणून धोनीच्या नावाने ओरडत होतो.

आता आपल्या घरातली गोष्ट. 4 मार्च 2025, चॅम्पियन्स ट्रॉफीची सेमीफायनल, दुबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध. रमजानचे दिवस. शमी बाउंड्रीवर पाणी की सरबत पिताना कॅमेऱ्यात दिसला. बरेलीच्या एका मौलानांनी त्याने रोजा ठेवला नाही म्हणून त्याला गुन्हेगार ठरवलं. मुसाफिराला रोजा सोडून नंतर भरून काढायची मुभा कुराणातच आहे, हे लहान पोरालाही मदरशात शिकवतात. पण मुद्दा फिकहचा नाही. दहा-दहा ओव्हर टाकणारा माणूस, त्या मॅचमध्ये त्याने 48 रन देऊन 3 विकेट काढल्या, आणि त्याच्याकडे हिशेब कशाचा मागितला? ग्लासाचा. 2021 ला ज्यांनी त्याचा देश विचारला आणि 2025 ला ज्यांनी त्याचा रोजा विचारला, दोघांनीही त्याचा बॉल बघितला नव्हता.

शमीने काय करून दाखवलं ते सगळ्यांना माहीत आहे. 2023 च्या वर्ल्ड कपमध्ये पहिल्या चार मॅच त्याला बाहेर बसवलं होतं. पुण्यात हार्दिकचा पाय मुरगळला आणि मग शमीला जागा मिळाली. धरमशालेत आल्या आल्या 5 विकेट. 15 नोव्हेंबरला वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्ध सेमीफायनल. तिथे आधी त्याच्या हातून विल्यमसनचा झेल सुटला. ती मिनिटं मी कशी काढली ते मला माहीत. झेल सुटल्यावर मला न्यूझीलंडची भीती वाटली नाही, फोनची भीती वाटली. मग त्यानेच एका ओव्हरमध्ये विल्यमसन आणि लॅथम दोघांना काढलं. 57 रनमध्ये 7 विकेट. सात मॅचमध्ये 24 विकेट. सगळा देश शमी-शमी करत होता.

मला आनंद झाला, खूप झाला. पण एक गोष्ट मनात राहिली. झेल सोडल्यावर नुसता झेल सोडला असं म्हणवून घ्यायला 7 विकेट काढाव्या लागत असतील, तर ज्याला त्या दिवशी 7 मिळाल्या नाहीत त्याचं काय? शारजात 1986 साली शेवटच्या बॉलला चेतन शर्माने फुलटॉस टाकला आणि मियाँदादने सिक्स मारला. चेतनला त्या एका बॉलने आयुष्यभर छळलं. पुढच्या वर्षी नागपुरात त्याने वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक घेतली, तरी लोकांना फुलटॉसच आठवतो. हे क्रूर आहे. पण ते चिडवणं फुलटॉसबद्दल आहे. मी एवढंच मागतो. आमच्या पोरांनाही फुलटॉसबद्दलच चिडवा.

हे होऊ शकतं, याचा दाखला सिराजने दिला. 2025 च्या जानेवारीत चॅम्पियन्स ट्रॉफीचा संघ निवडताना रोहितने सिराजला घेतलं नाही आणि कारण उघड सांगितलं: नवा बॉल हातात नसला की त्याचा प्रभाव कमी होतो. हैदराबादच्या रिक्षाचालकाच्या मुलाला ते लागलं असेल. पण हा शुद्ध क्रिकेटचा आरोप होता, आणि त्यावर आम्ही भांडलो, आकडे काढले, मजा आली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पाचही कसोटी खेळून त्याने 185 हून जास्त ओव्हर टाकल्या. ओव्हलला चौथ्या दिवशी हॅरी ब्रूक 19 वर असताना सिराजने झेल घेतला आणि पाय सीमारेषेवर पडला. ब्रूकने 111 केले. 4 ऑगस्टच्या सकाळी इंग्लंडला 35 रन हवे होते, चार विकेट हातात. थोड्याच वेळात नवा बॉल मिळणार होता. शुभमन गिलने तो घेतलाच नाही. जुनाच बॉल ठेवला, आणि जुन्या बॉलवर चालत नाही म्हणून ज्याला वगळलं होतं त्याच्याच हातात ठेवला. पांढऱ्या आणि लाल बॉलमध्ये फरक असतो, मान्य. तरी गंमत आहेच. शेवटचा यॉर्कर, ॲटकिन्सनचा स्टम्प, 6 रनने विजय, सिराजच्या 5 विकेट.

त्या आठवड्यात आठवीच्या वर्गात मधल्या सुट्टीत वाद चालला होता. एक पोरगा म्हणत होता, "सिराज येडाय, पाय कुठे पडतोय ते बघायला नको?" दुसरा त्याला दबक्या आवाजात म्हणाला, "ऐसा मत बोल बे, अपना है." मला बघून दोघं गप्प झाले. मग पहिल्याने विचारलं, "सर, तुम्ही सांगा, चुकला का नाही तो?" मी म्हटलं, "चुकला. सीमारेषेवर झेल घेताना आधी रेषा बघायची असते." दुसऱ्याला ते आवडलं नाही. त्याला मी वेगळं काही समजावलं नाही. वर्गात शुद्धलेखन तपासताना मी जे करतो, तेच त्याला दिसत असतं. 'की' दीर्घ लिहायचा तो ऱ्हस्व लिहिला तर लाल खूण त्या अक्षरावर पडते. पोराच्या घरी उर्दू बोलतात की आगरी की मारवाडी, यावर खूण पडत नाही. आणि घरी उर्दू बोलतात म्हणून खूण करायची राहूनही जात नाही. दोन्हींमध्ये पोराचं नुकसानच आहे.

दुसऱ्या पोराच्या त्या दबक्या आवाजाचं मला वाईट वाटलं. तेरा वर्षांच्या वयात त्याला कळलंय की आपल्या माणसाला आपण बोलायचं नसतं, कारण बाहेरचे टपलेले असतात. 2003 साली त्या खोलीत झहीरला शिव्या देणारे आम्ही त्याच्याहून फार श्रीमंत होतो असं मला वाटतं. हारलो होतो, पण रागावायला मोकळे होतो.

पुढच्या मोसमात पुन्हा कुणीतरी एकोणिसाव्या ओव्हरमध्ये 20 रन देणार आहे. तो सिराज असेल, अर्शदीप असेल, बुमराहही असेल. तेव्हा टपरीवर मीही असेन आणि जोरात विचारेन, अरे, याला कशाला दिली? शेजारी उभ्या असलेल्या माणसाने माझ्याकडे वळून न बघता फक्त एवढंच म्हणावं, "ना सर, स्लो टाकायला हवा होता." मग आम्ही दोघं मिळून कॅप्टनला शिव्या देऊ.